कमरपट्ट्याखाली हात घालणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गाडी मैदानावर स्वतःभोवती दोनदा फिरली, त्याला आज अकरा दिवस झाले. माझ्या कमरेच्या दोन्ही हाडांवर उमटलेले निळे वळ आता पिवळे पडू लागले आहेत आणि ते पुरते मावळण्याआधी हे पत्र लिहून व्हावे, अशी मनापासून इच्छा आहे. त्या संध्याकाळी फोनवर तुमचे आभार मानायला गेलो तेव्हा आवाजच फुटला नाही, आणि तुम्ही "जेवलास का?" एवढे विचारून मला सोडवलेत. तेव्हा जे बोलता आले नाही, ते आज चारचौघांत सांगतो आहे.

ही लँड स्पीडची, म्हणजे मोकळ्या मैदानावर सरळ रेषेत वेगाचा विक्रम करू पाहणारी, गाडी मी घरी बांधायला घेतली तेव्हा सल्ला देणाऱ्यांची वाण नव्हती. इंजिनावर रात्र रात्र चर्चा झाल्या, गाडीच्या नाकाचा उतार किती असावा यावर माणसे हमरीतुमरीवर आली, टायरमधल्या हवेवरून दोन मित्र महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. सीटचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचे बोलणे एका वाक्यात संपायचे : शर्यतीची सीट घे, सहा पट्ट्यांचा हार्नेस (चालकाला सीटशी बांधणारा पट्ट्यांचा संच) घे आणि बसवून टाक. ज्याला पैसे मोजून हे काम दिले होते त्याने खांदेपट्ट्यांचे बोल्ट सीटच्या मागे थेट खालच्या पत्र्यात मारून दिले, कारण ड्रिल तिथे सहज पोहोचत होते. मी शंका काढली तेव्हा "आम्ही वर्षानुवर्षे असेच लावतो" हे उत्तर मिळाले. मी मुदत उलटलेल्या लेबलकडे बोट दाखवल्यावर हार्नेस विकणाऱ्याने "कपाटात होता, एकदाही वापरलेला नाही" असे सांगून माझी समजूत काढली. आणखी एका जाणत्या गृहस्थांनी कॉकपिटमध्ये डोकावून मीटरच्या मांडणीचे कौतुक केले आणि ते चहाला गेले. या सगळ्यांना त्यातले कळत होते, हेच मला अजून बोचते. त्यांना फक्त थोडे वाकून बघायचे होते.

तुम्ही आलात ते खरे तर गाडीचा वेग आवरणाऱ्या पॅराशूटच्या ब्रॅकेटचे वेल्डिंग पाहायला. ते पाहून झाल्यावर तुमची नजर उघड्या कॅनोपीतून, म्हणजे कॉकपिटवरच्या झाकणातून, आत गेली आणि तुम्ही विचारलेत, "यात तू बसतोस कसा?" गाडी किती धावेल हे मला तोवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने विचारले होते, मी तीत बसतो कसा, हे विचारणारे तुम्ही पहिले. पूर्ण पोशाख, हातमोजे आणि हेल्मेट घालून मला आत बसायला लावलेत आणि माझ्या कमरेमागच्या पोकळीत तुमचा तळवा घातलात. तो अलगद आत गेला. ज्या मऊ स्पंजाच्या गादीचे मला कोण कौतुक होते, ती तुम्ही उचलून बाहेर ठेवलीत. धक्क्यात स्पंज चेपतो, शरीर तेवढे सरकते आणि करकचून बांधलेले पट्टे त्याच क्षणी सैल पडतात, हे एवढ्या साध्या शब्दांत मला आधी कोणी सांगितले नव्हते. पुढे आपण फुगणारा फोम पिशवीत ओतून माझ्याच पाठीच्या मापाची सीट घडवली. फोम घट्ट होताना तापतो, म्हणून "पाठ भाजायला लागली तर सांग, पण हलू नकोस" असे बजावून तुम्ही शेजारच्या स्टुलावर बसून राहिलात.

तुम्ही काय काय बदललेत त्याची यादी इथे देत नाही. खांदेपट्ट्यांबद्दल मात्र लिहायलाच हवे, कारण माझ्यासारखे अनेक जण आज तीच चूक घेऊन गाडी बांधत असतील. खांद्यावरून मागे जाणारा पट्टा जवळजवळ आडवा, फार तर किंचित उतरता असायला हवा. तो पाठीमागून सरळ जमिनीकडे गेला, तर पुढे झेपावणारे शरीर त्याला जितक्या जोराने ताणते तितक्याच जोराने तो खांदे खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. शिवाय पट्टा जितका लांब तितका तो अधिक ताणला जातो. तुम्ही खालच्या पत्र्यातले ते दोन्ही बोल्ट काढून माझ्या हातात दिलेत, खांद्यामागे रोलकेजला, म्हणजे चालकाभोवतीच्या नळ्यांच्या पिंजऱ्याला, आडवी नळी जोडून घेतलीत आणि पट्टे तिच्याभोवती फिरवून कडीतून परत ओवलेत. तो परतीचा वेढा नसेल तर पट्टा भाराखाली घसरत जातो, हेही मला तेव्हाच कळले.

कमरपट्ट्याचे ब्रॅकेट तर तुम्ही केवळ काही अंश वळवलेत. मला ते किरकोळ वाटले होते, म्हणून मी बोलूनही गेलो. तुम्ही रागावला नाहीत. अमेरिकी शर्यतपटू डेल अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीतल्या शेवटच्या फेरीत गेले, तेव्हा त्यांच्या कमरपट्ट्याची डावी बाजू फाटून अलग झाल्याचे चौकशीत नोंदवले गेले होते, एवढे तुम्ही सांगितलेत. मग माझा पट्टा तिरका ओढून, तो कडीच्या खाचेत एका टोकाला कसा गोळा होतो आणि सगळा ताण त्या एकाच कडेवर कसा येतो, ते मला डोळ्यांनी पाहू दिलेत. ब्रॅकेट पट्ट्याच्या ओढीच्या रेषेत आल्यावर तोच पट्टा खाचेत सपाट बसला.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. आमच्या गाडीची उंची कमी, त्यामुळे सीट बरीच मागे रेललेली. अशा बैठकीत शरीर कमरपट्ट्याखालून पुढे घसरू पाहते; मांड्यांमधले पट्टे त्याला आवरतात, पण कमरपट्टा मुळात ओटीपोटाच्या मऊ भागावर चढलेला असेल तर तोच पोटातल्या अवयवांना चिरडू शकतो. हे मी वाचलेले होते, मान्यही केलेले होते, आणि तरीही प्रत्येक वेळी पट्टा सवयीने वरच बांधत होतो, कारण तिथे तो टोचत नाही. तुम्ही दोनदा सांगून पाहिलेत. तिसऱ्यांदा काही न बोलता कॉकपिटच्या काठावर पालथे पडून हात आत घातलात, माझ्या कमरेचे हाड चाचपलेत, पट्टा त्याच्या खाली सरकवलात आणि तुमची दोन बोटे पट्टा आणि हाड यांच्या मध्ये तशीच ठेवून म्हणालात, "आता ओढ." मी ओढला. "अजून ओढ. माझी बोटं निघता कामा नयेत." मला तुमच्या बोटांची काळजी वाटत होती आणि तुम्ही हसून मान हलवत होतात. शेवटी तुम्ही बोटे सोडवून पाहिलीत आणि ती निघेनात, तेव्हा कुठे तुमचे समाधान झाले. नंतर तुम्ही पाण्याचा पेला उचललात तेव्हा बोटांच्या पाठीवर पट्ट्याची वीण जशीच्या तशी उमटलेली दिसली, एकेक धागा मोजता यावा इतकी स्पष्ट. त्यानंतर गाडीत बसताना एकदाही माझा कमरपट्टा वर गेला नाही. आधी कमरपट्टा, मग खांदेपट्टे, हा क्रमही कधी चुकला नाही, कारण खांदेपट्टे आधी आवळले की ते कमरपट्ट्याला वर खेचतात आणि मग मला तुमची बोटे आठवतात.

अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप मला त्या रात्री आठवले होते. माणसाचे शरीर किती झटका सोसू शकते हे शोधण्यासाठी १० डिसेंबर १९५४ रोजी ते स्वतः रॉकेटच्या घसरगाडीत पट्टे बांधून बसले, ताशी ६३२ मैलांचा वेग गाठला आणि अवघ्या १.४ सेकंदांत थांबले. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून अधिक झटका त्यांनी अंगावर घेतला आणि त्यानंतर काही काळ त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हते. मान वाचवणारे हान्स उपकरणही असेच जिव्हाळ्यातून आले : १९८१ मध्ये एक मित्र अपघातात गेल्यावर शर्यतपटू जिम डाउनिंग आणि बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक असलेले त्यांचे मेव्हणे रॉबर्ट हबर्ड यांनी ते घडवले, आणि त्याची गरज सर्वांना पटायला पुढे वीस वर्षे गेली. आज आम्ही जे काही अंगावर बांधतो ते कोणीतरी परक्याच्या हाडामांसाची काळजी वाहिली म्हणून आपल्यापर्यंत आले आहे. वेगाचे विक्रम सर्वांना तोंडपाठ असतात. ही काळजी वाहणारी माणसे मात्र क्वचितच कोणाला आठवतात. तुम्ही त्या माणसांच्या पंगतीतले आहात, असे मी विचारपूर्वक लिहितो आहे.

मैदानावर काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. वेग मोजायचा टप्पा पार झाला, मी पॅराशूट उघडले, त्याची ओढ एका बाजूने बसली आणि मागच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटली. आकाश, जमीन, पुन्हा आकाश असे काहीतरी दिसले आणि मग कॉकपिटभर धूळ. डोके दोन्ही बाजूंच्या आधारांमध्येच राहिले, हात दंडाच्या पट्ट्यांनी आतच धरून ठेवले आणि पाठ सीटपासून तसूभरही सुटली नाही. काही दिसत नसताना बकल हाताला पहिल्या प्रयत्नात सापडले, कारण डोळे मिटून हातमोज्यांनी ते सोडवायला तुम्ही मला वीस वेळा लावले होते. रात्री कपडे बदलताना वळ पाहिले. ते नेमके हाडांवर होते, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर, आणि त्यांत तीच वीण होती जी मी तुमच्या बोटांवर पाहिली होती. आईने हात लावून पाहिले आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तुमचे नाव विचारले.

हार्नेस मी काढून ठेवला आहे. एवढा झटका खाल्लेले पट्टे पुन्हा वापरायचे नसतात हे तुमचेच शिकवणे आहे, म्हणून ते मधोमध कापून टाकले, कोणाच्या हाती लागून पुन्हा विकले जाऊ नयेत यासाठी. नवा संच आला आहे, लेबलवरची तारीख मी स्वतः वाचून घेतली आहे. चासी (गाडीचा सांगाडा) सरळ करून झाली की पट्टे बसवायचे आहेत. तुमच्या सवडीने कधी येऊ शकाल ते कळवावे. तोपर्यंत त्या बोल्टांना मी हात लावणार नाही.

आपला कृतज्ञ,
गाडीवाला मुलगा