अनुभवाला नोंदीची आणि प्रश्नाची जोड हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यावर दहा दप्तरमुक्त दिवसांची तरतूद आहे. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करून पाहावे, असा त्यामागचा हेतू आहे. नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत माझ्या पाहण्यात आलेल्या काही शाळांत मात्र या दिवसांचे स्वरूप सहलीसारखे झाले आहे. बस येते, मुले उतरतात, कोणीतरी दहा मिनिटे माहिती सांगते, छायाचित्रे निघतात, ती पालकांच्या गटावर पडतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याविषयी कोणी एक शब्दही काढत नाही. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवल्यामुळे या विषयावर चार गोष्टी लिहिणे मला आवश्यक वाटते.

अनुभवातून शिकणे म्हणजे नेमके काय, हे आपल्याच जिल्ह्यातील उदाहरणाने सांगते. निफाड किंवा दिंडोरी भागातील द्राक्षबागायतदाराच्या घरातील मुलाला बोर्डो मिश्रण लहानपणापासून ठाऊक असते. दमट हवेत वेलीवर डावणी हा रोग पसरू नये म्हणून मोरचूद (म्हणजेच कॉपर सल्फेट) आणि चुना यांचे हे निळसर मिश्रण फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना लागतो. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवत नाहीत, त्यासाठी प्लास्टिकचा ड्रम घेतात. मिश्रण तयार झाले की घरातील जाणते माणूस घासून लखलखीत केलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवून धरते. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी ओततात, कारण तसेच फवारले तर कोवळी पाने करपतात. हाच मुलगा शाळेत विस्थापन अभिक्रिया शिकतो. लोखंड तांब्यापेक्षा अधिक अभिक्रियाशील असल्यामुळे कॉपर सल्फेटच्या द्रावणातून तांबे बाहेर पडून लोखंडावर बसते, हे वाक्य तो पाठ करतो, परीक्षेत बिनचूक लिहितो आणि पैकीच्या पैकी गुणही मिळवतो. घरचा विळा आणि पुस्तकातील समीकरण ही एकच गोष्ट आहे, हे मात्र त्याला कोणीही सांगितलेले नसते.

वडिलांना काय करायचे ते माहीत असते आणि का करायचे ते पुस्तकात असते. या दोहोंची गाठ घालून देणे हे शाळेचे काम आहे. प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली काचेच्या चंचुपात्रात मोरचुदाचे थोडेसे द्रावण घ्यावे, त्यात खिळा बुडवावा, लिटमस लावून पाहावा, चुन्याची निवळी थोडी थोडी घालत दर वेळी नवा खिळा बुडवावा आणि कोणत्या टप्प्यावर खिळा स्वच्छ राहिला ते वहीत लिहावे, एवढे पुरेसे आहे. चुना पुरेसा झाल्यावर द्रावणात मोकळे तांबे उरत नाही, म्हणून खिळ्यावर थर चढत नाही, इथपर्यंत मुले आपल्या पायांनी येतात. त्या तासाला वर्गात जी शांतता पसरते आणि नंतर जी प्रश्नांची झुंबड उडते, ती मी अनेकदा अनुभवली आहे आणि फळ्यावर समीकरण लिहून ती कधीच साधली नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या शिक्षणाची योजना मांडली आणि झाकीर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी शाळाच त्यांच्या कुरणापर्यंत नेली. शास्त्रज्ञ डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम सुरू करून ग्रामीण मुलांना हाताने काम करत तंत्रज्ञान शिकण्याची वाट करून दिली. कोठारी आयोगाच्या शिफारशीतून शाळांत कार्यानुभव आला. त्याचे पुढे काय झाले, हे माझ्या पिढीच्या पालकांना वेगळे सांगायला नको. आदल्या रात्री दुकानातून आणलेली कागदी फुले आणि आईने विणलेला रुमाल यांवर गुण देऊन आपण तो विषय निकालात काढला. दप्तरमुक्त दिवसांची गत तशी होऊ नये, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

अनुभव मिळाला की शिक्षण आपोआप होते, हा समजही सोडायला हवा. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई हे अनुभवाधारित शिक्षणाचे मोठे पुरस्कर्ते, तरीही सगळेच अनुभव सारखे शिकवणारे नसतात असे त्यांनीच १९३८ मध्ये बजावले होते. कांद्याच्या खळ्यावर दिवसभर राबणाऱ्या मुलाला अनुभवाची कमतरता नसते. त्याला कमी पडते ती त्या अनुभवाकडे थांबून पाहण्याची, मोजण्याची आणि कोणाला तरी विचारण्याची उसंत. म्हणूनच अनुभवाच्या नावाखाली मुलांना फुकटचे मजूर करण्यालाही माझा तितकाच ठाम विरोध आहे.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, वर्गात साठ मुले असतात, बाहेर नेण्याची जोखीम कोण घेणार, या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. परंतु प्रत्येक अनुभवासाठी बस लागत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, हे नाशिककर रोज वाचतात आणि गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले की कमरेला, यावरून पुराचा अंदाज बांधतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. दहा हजार क्युसेकचा विसर्ग म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला, हे गणित सातवीचा मुलगा सहज करतो. मग त्याला विचारावे की धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा आणि होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आकडा वेगळा का असतो. मधले नाले, शहरात पडलेला पाऊस, काँक्रिटमुळे जमिनीत न मुरणारे पाणी, या सगळ्याची चर्चा वर्गात बसून वर्तमानपत्राच्या आधारे होऊ शकते. पात्राजवळ जाण्याची गरजच नाही आणि पुराच्या दिवसांत तर मुलांना तिकडे नेऊच नये.

जिथे बाहेर जायचे तिथे कमी ठिकाणी जावे आणि जास्त वेळ थांबावे. येवल्यात पैठणीच्या एकाच मागापाशी अर्धा दिवस बसून ताणा-बाण्याचे धागे मोजणारी मुले, एका दिवसात पांडवलेणी, नांदूरमधमेश्वर आणि लासलगावचा बाजार उरकणाऱ्या मुलांपेक्षा अधिक शिकून येतील. विणकराचा वेळ घेतला तर त्याला मानधन द्यावे. तो त्या दिवसापुरता शिक्षक असतो आणि मुलांनाही तो तसा दिसला पाहिजे.

शेवटी मूल्यमापनाचा मुद्दा येतो, कारण ज्याला गुण नाहीत त्याला आपल्याकडे वेळ मिळत नाही. दहावीच्या विज्ञानाला प्रात्यक्षिकाचे वीस गुण आहेत, पण ज्या जर्नलवर मुले त्यासाठी विसंबतात, ती बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असतात. सगळ्यांनी घेतलेली मापे तंतोतंत सारखी आणि कोणाचीच मोजणी चुकलेली नाही, असे वर्गात कधी घडत नाही. हे गुण शाळेच्या हाती आहेत, त्यासाठी वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. ज्या वहीत चुकलेली मोजणी न खोडता ठेवली आहे आणि ती का चुकली असावी हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिले आहे, त्या वहीला सुबक पण नकललेल्या जर्नलपेक्षा जास्त गुण द्यावेत, असा ठराव जिल्ह्यातील मुख्याध्यापकांनी आपल्या सहविचार सभेत याच सत्रात करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
पंचवटी, नाशिक