इलेक्ट्रिक गाडी विकायची इच्छा तरी आहे का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री वाढत असल्याच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रात अधूनमधून येतात आणि त्या वाचून गुजरातेत राहणाऱ्या कोणालाही बरे वाटते. टाटांचा कारखाना साणंदला, एमजीचा हालोलला, म्हणजे बडोदेकरांच्या अगदी शेजारी, आणि मारुतीची ई-विटारा ऑगस्ट २०२५ पासून हंसलपूरहून परदेशी निघाली. गाड्या बनवण्यात आपण मागे नाही. त्या शोरूममध्ये जाऊन विकत घेणाऱ्याची काय दशा होते, ते मात्र कुठे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

मी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालो आणि बडोद्यात मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहतो. जुनी पेट्रोल गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यावी, असे आम्हा उभयतांच्या मनात आले आणि शोरूमच्या पायऱ्या चढणे सुरू झाले. कोणत्याही विक्रेत्याचे किंवा कंपनीचे नाव मी घेत नाही. जिथे जिथे गेलो तिथे थोड्याफार फरकाने तेच ऐकले, त्यामुळे एकालाच बोल लावणे बरोबर होणार नाही.

पहिला प्रश्न सगळीकडे एकच होता : “काका, रोजनू रनिंग केटलू?” शहरातल्या शहरात, वीस-पंचवीस किलोमीटर, असे सांगितले की समोरचा तरुण लगेच म्हणतो, “तो पछी पेट्रोल ज लई लो ने!” (मग पेट्रोलच घ्या ना!) २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे त्याला तोंडपाठ. इलेक्ट्रिकवर तो २०१९ पासून ५ टक्केच आहे, हे आम्ही सांगायचे. आता, इतक्या कमी वापराला पेट्रोल गाडी परवडू शकते, हे मलाही मान्य आहे. पण त्या मुलाने तसा हिशोब करून दाखवला असता तर मी त्याचे आभार मानले असते. त्याने कागदाला पेनसुद्धा लावले नाही. डेमो गाडी मागितली तर ती कुठेतरी गेलेली, आणि असलीच तर बॅटरी इतकी उतरलेली की कोपऱ्यावरच्या सर्कलला वळसा घालून परत. ज्या शोरूममध्ये इलेक्ट्रिक गाडी विकतात तिथली दाखवायची गाडी चार्ज केलेली नसावी, याला काय म्हणावे?

यामागचे कारण मला तरी एवढेच दिसते. गाडी विकून विक्रेत्याला मिळते ते थोडे. त्याचा संसार चालतो विम्याच्या कमिशनवर, ॲक्सेसरीजवर, कर्ज जुळवून देण्यावर आणि मुख्य म्हणजे पुढची आठ-दहा वर्षे वर्कशॉपवर. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, स्पार्क प्लग नाहीत, क्लच नाही. एसीचा फिल्टर, ब्रेकचे तेल, कूलंट, टायर, संपले. ज्या गाडीचा मालक वर्कशॉपला क्वचितच तोंड दाखवणार, ती गाडी पुढे करायला कोण उत्सुक असेल? कंपनी जाहिरातीवर कोट्यवधी खर्च करते आणि शेवटच्या टेबलावर बसलेल्या माणसाचा फायदा मात्र उलट दिशेला असतो. त्या मुलांवर माझा राग नाही. त्यांना टार्गेट असते, शिकवलेले काही नसते.

आता तो प्रसिद्ध कागद, ‘ऑन-रोड प्राइस’. त्यावर एक्स-शोरूम किंमत छापील असते आणि खालचे आकडे हाताने लिहिलेले. लॉजिस्टिक, हँडलिंग, ‘एसेन्शियल किट’. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो, मग हे हँडलिंग कसले? विचारले की, “काका, सगळेच घेतात.” दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ वसूल केलेला आयकर, लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे स्वतःहून एकानेही सांगितले नाही. हल्ली नोंदणी शोरूममधूनच होते, तरी ‘आरटीओ’च्या नावाखाली एक गोल आकडा असतोच, त्याची फोड मागितली की मॅनेजर जेवायला गेलेला.

विम्याच्या बाबतीत तर कमालच. खासगी इलेक्ट्रिक गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यात २०२२ पासून १५ टक्के सवलत आहे आणि ३० ते ६५ किलोवॅटच्या मोटरला तीन वर्षांचा मिळून ९,०४४ रुपये असा दर त्या वेळी ठरला. ही रक्कम सरकारी दराची, तीत घासाघीस नाही. सगळी गंमत उरलेल्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागात. बाहेरून विमा घेतो म्हटले तर “मग कॅशलेस मिळणार नाही” अशी भीती घालतात. कॅशलेस मिळणे हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर असते, पॉलिसी कोणाच्या हातून घेतली यावर नसते. एका ठिकाणी तर बाहेरचा विमा म्हणजे डिस्काउंट रद्द, असे स्पष्टच सांगितले. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी अट ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘निर्बंधात्मक व्यापारप्रथा’ म्हणून नोंदलेली आहे. विक्रेत्याने ती तोंडीच घातलेली असते, कागदावर कधीच नाही.

आणि हे वाचा : मला दिलेल्या विम्याच्या कोटेशनमध्ये ‘इंजिन प्रोटेक्ट’चे, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडले तर भरपाई देणाऱ्या जादा कव्हरचे, पैसे लावलेले होते. इलेक्ट्रिक गाडीला! मी बोट ठेवून विचारले, इंजिन कुठे आहे ते दाखवता का? मुलगा बॉनेट उघडायला निघाला होता.

हसून सोडून देता आले असते, पण बडोद्यात हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा अकोटा, फतेगंज, समा, कारेलीबागेत गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. पाणी काही तासांत ओसरले नाही, कित्येक सोसायट्यांत दोन-दोन, तीन-तीन दिवस होते. बेसमेंटमधली गाडी वर आणायलाही सवड मिळाली नाही. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्या बडोदेकराचा पहिला प्रश्न रेंजचा नसतो. पार्किंगमध्ये पाणी भरले तर बॅटरीचे काय, हा असतो.

उत्तर मिळते, “आयपी सदुसष्ट छे, काका, चिंता ना करो.” मी आयुष्यभर विजेच्या यंत्रांवर काम केले, त्यामुळे हे आकडे मला परके नाहीत. आयपी-६७ मधला ६ धुळीसाठी आणि ७ पाण्यासाठी : एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे. तीन दिवस गढूळ पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला हे प्रमाणपत्र लागू पडत नाही. बॅटरीचा खोका टिकला तरी त्याला जोडलेले कनेक्टर, चार्जिंगचे तोंड, कंट्रोलर यांचे काय? आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची जी बॅटरी वॉरंटी भिंतीवर मोठ्या अक्षरांत असते, ती पुरात धरतील का? यावर मला मिळालेले सर्वांत ठाम उत्तर असे होते : “पाणी तो पेट्रोल गाडीमा पण घुसे ने!” (पाणी तर पेट्रोल गाडीतही शिरतेच ना!)

वॉरंटी नाही तर विमा, असे म्हणावे तर तिथेही गाठ आहे. नेहमीच्या मोटार पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी बदलताना ५० टक्के घसारा कापतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर तो कापला तर कोणी तक्रार करणार नाही. पण गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा ज्या बॅटरीत आहे, तिच्यावरही निम्मी रक्कम आम्हीच भरायची का? घसारा न कापणारे ‘झिरो डेप्रिसिएशन’ कव्हर घेतले तर ती त्यात येते का, की तिच्यासाठी वेगळे कव्हर घ्यायचे? लाखांचा प्रश्न आहे. विमा विकणाऱ्याच टेबलावर तो विचारला, तर आधी सही करा, पॉलिसी मेलवर येईल, तीत वाचून घ्या, असा सल्ला मिळाला.

घरच्या चार्जरचीही तीच तऱ्हा. ‘फ्री होम चार्जर’ म्हणतात, पण बसवायला येणारी एजन्सी निराळी आणि केबल फुकट मिळते ती ठरावीक मीटरपर्यंत. आमची मीटर रूम एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या टोकाला. जास्तीच्या केबलचा दर बुकिंगच्या वेळी सांगत नाहीत. ७.२ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो, घरचा मंजूर लोड तेवढा आहे का, मध्य गुजरात वीज कंपनीकडे वाढवून घ्यावा लागेल का, हे शोरूम म्हणते एजन्सीला विचारा आणि एजन्सी म्हणते शोरूमला. अर्थिंग तपासायचे असते, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे तीस मिलीअँपिअरचे संरक्षण लागते, हे दोघांच्याही गावी नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना वाटते की यासाठी सरकारी परवाना लागतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या चालू जोडणीवर गाडी चार्ज करायला मुभा आहे. हा एक कागद छापून विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या हाती दिला तर अर्ध्या सोसायट्यांमधली भांडणे मिटतील. उलट “एका तासात फुल” असे ठोकून देतात. तो तास हमरस्त्यावरच्या जलद डीसी चार्जरचा, तोही ८० टक्क्यांपर्यंतचा. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ४५ युनिटची बॅटरी रिकामी असेल तर चौदा-पंधरा तास धरा.

रेंजबद्दल फार लिहीत नाही, कारण आता लोकांना कळू लागले आहे. जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर काढलेला असतो, बडोद्याच्या मे महिन्यात एसी लावून, चार माणसे बसवून काढलेला नसतो. टाटांनी तरी ‘सी-७५’ म्हणून वेगळा, प्रत्यक्षाच्या जवळ जाणारा आकडा द्यायला सुरुवात केली, ते चांगले झाले. पण आमच्यासारख्यांचे अर्धे गणगोत पुण्याला. गणपतीला जायचे तर वाटेत कुठे थांबायचे, घाटात किती टक्के जातात, एवढे सांगणारा मला बडोद्यातल्या एकाही शोरूममध्ये भेटला नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे अशा एका भाच्याने फोनवर दहा मिनिटांत सगळे सांगितले.

विक्रेता मधून काढूनच टाका, असे काही जण म्हणतात. मर्सिडीजने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात गाड्या स्वतःच्या नावाने, देशभर एका किमतीला विकायला सुरुवात केली आणि विक्रेत्याला ठरलेले कमिशन दिले. टेस्लाही मुंबईत थेट विकते. महागड्या गाड्यांना ते जमते. आपल्या गाडीला मात्र उद्या काही झाले तर मकरपुऱ्यातले वर्कशॉपच लागणार, तेव्हा विक्रेता हवाच. त्याला इलेक्ट्रिक गाडीमागे जास्त मोबदला द्या आणि त्याची माणसे शिकवून तयार करा, हे कंपन्यांचे काम आहे. किमतीची फोड छापील असावी, आणि पूर, बॅटरी, चार्जर यांची उत्तरे बुकिंगची रक्कम घेण्यापूर्वी सही-शिक्क्यानिशी द्यावीत, एवढे तर उद्यापासून करता येईल. सक्तीच्या विम्यासाठी आणि हँडलिंगसाठी वाचकांनी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर जरूर तक्रार करावी. मी केली आहे.

एक विनंती आपल्यामार्फत. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ज्या बडोदेकरांच्या इलेक्ट्रिक गाड्या पाण्यात होत्या, त्यांनी बॅटरीचे काय झाले आणि विमा कंपनीने किती रक्कम दिली, हे याच सदरात लिहून कळवावे. शोरूमकडून हे समजण्याची आशा मी सोडली आहे आणि आमचे बुकिंग तेवढ्यासाठी थांबले आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक
मांजलपूर, बडोदे