शालेय शिक्षण मंत्र्यांस खुले पत्र: 2010 च्या राजपत्रातील शब्दाला काही किंमत उरली आहे काय?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या जिल्ह्यातील मुख्याध्यापक पदोन्नतीची यादी लागली. सेवाज्येष्ठता यादीत वरच्या पानावर असलेले माझे नाव पदोन्नतीच्या यादीत नव्हते आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण नाही’ एवढेच लिहिलेले होते. माझ्याहून कनिष्ठ असलेल्या सहकाऱ्याचे नाव त्या यादीत आहे, त्याचे मी मनापासून अभिनंदन केले. परंतु 2003 पासून ज्या सेवापुस्तकात माझ्या कामाबद्दल एकही प्रतिकूल शेरा नाही, त्या सेवापुस्तकापेक्षा अडीच तासांची एक परीक्षा जड कशी ठरली, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.

मी बारावीनंतर दोन वर्षांची डी.एड. पदविका घेतली. त्या काळी पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी शासनाने ठरवलेली अर्हता तेवढीच होती आणि ती पाहूनच शासनाने मला नेमले. तीन वर्षे मी शिक्षणसेवक होते. महिन्याचे मानधन 3 हजार रुपये होते, त्यातून खोलीचे भाडे आणि एसटीचा पास वजा जाता घरी पाठवायला जे उरत असे त्याचा आकडा इथे लिहायला संकोच वाटतो. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळत मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले, पुढे बी.एड.ही केले. मुलगी तापाने फणफणत असताना मी मतदार यादीची कामे केली, कारण नकार दिला तर कारवाईची नोटीस येते हे ठाऊक होते. हे सारे दयेसाठी सांगत नाही. आज ‘अपात्र’ ठरवताना निदान कोणाला अपात्र ठरवतो आहोत, हे आपणास माहीत असावे, एवढ्यासाठी सांगते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने 23 ऑगस्ट 2010 रोजी जी अधिसूचना काढून टीईटी आणली, तिच्याच परिच्छेद 4 मध्ये असे स्पष्ट म्हटले होते की, 3 सप्टेंबर 2001 नंतर त्या वर्षीच्या विनियमांनुसार नेमल्या गेलेल्या शिक्षकांनी ही नवी किमान अर्हता मिळवण्याची आवश्यकता नाही. राज्यानेही 13 फेब्रुवारी 2013 च्या निर्णयाने त्यानंतरच्या नेमणुकांनाच ही अट लावली. आम्ही या छापील शब्दावर विसंबून राहिलो आणि पंधरा वर्षांनी कळते आहे की तो शब्द आमच्यासाठी नव्हताच. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी; ज्यांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. न्यायालयाबद्दल माझी तक्रार नाही, त्याने समोर असलेला कायदा वाचला. 2017 मध्ये संसदेने शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 मध्ये दुरुस्ती करून सेवेतील शिक्षकांना अर्हता मिळवण्यासाठी चार वर्षांची मुदत दिली होती, त्या दुरुस्तीचा आमच्यावर काय परिणाम होतो हे सांगणारे एकही पत्र माझ्या शाळेत तेव्हा पोहोचले नाही, ही माझी तक्रार आहे. पोषण आहारातील तांदळाच्या पोत्यांचा हिशेब मागणारी पत्रे मात्र एकही आठवडा चुकली नाहीत.

उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी निकालानंतर पंधरवड्यातच पुनर्विचार याचिका दाखल करण्याचे आदेश दिले. हा निकाल ज्या प्रकरणात लागला, त्यात तर महाराष्ट्र शासन स्वतः पक्षकार होते. आमचा पक्ष तेथे कोणी मांडला आणि कोणत्या शब्दांत मांडला, हे आपण एकदा जाहीर करावे.

परीक्षेला मी घाबरत नाही. परंतु ती परीक्षा कोणती आहे तेही पाहा. सहावी ते आठवीसाठीच्या पेपर दोनमध्ये मराठीच्या शिक्षिकेलाही एक तर गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांवरच्या 60 गुणांना सामोरे जावे लागते, जणू वर्गात ती भाषा शिकवतच नाही. 150 पैकी 90 गुण हवेत, राखीव प्रवर्गाला थोडी सवलत आहे, आणि नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले, दिवसभर अभ्यासिकेत बसणारे तरुणसुद्धा शंभरात नव्वदहून अधिक नापास होतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही परीक्षा दरवर्षी किमान एकदा व्हायला हवी, पण आपल्या राज्यात नोव्हेंबर 2021 नंतरची परीक्षा एकदम नोव्हेंबर 2024 मध्ये झाली. तीन वर्षे परीक्षाच न घेणारे शासन आम्हाला दोन वर्षांची मुदत मोजून दाखवते! नोव्हेंबर 2025 च्या परीक्षेला पावणेपाच लाखांच्या आसपास अर्ज आले म्हणतात. माणशी सरासरी आठशे रुपये शुल्क धरले तरी हा हिशेब 38 कोटींवर जातो. चुकत असेन तर शासनाने खरा आकडा सांगावा, मला आनंदच होईल.

आणि ही परीक्षा पवित्र आहे असे तरी कोणी म्हणावे काय? 2019 च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे उघड झाले, ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर 2022 मध्ये कारवाई करावी लागली. 2025 च्या परीक्षेच्या तोंडावर कोल्हापूर पोलिसांनी प्रश्नपत्रिका पुरवण्याचे आमिष दाखवणारी टोळी पकडली. नागपूरकडे तर बनावट शालार्थ आयडीवर, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठीच्या ऑनलाइन ओळख क्रमांकावर, पगार उचलले गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही रीत आपल्या खात्यात इतकी मुरली आहे की आता तिचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे.

गंमत पुढेच आहे. जुलै 2023 मध्ये याच खात्याने निवृत्त शिक्षकांना सत्तराव्या वर्षापर्यंत दरमहा 20 हजार रुपयांवर पुन्हा वर्गात बोलावण्याचे परिपत्रक काढले. त्यांच्यातले बहुतेक जण 2010 पूर्वीचे, म्हणजे माझ्यासारखेच टीईटीविना नेमलेले. म्हणजे सेवेत असताना मी मुलांसाठी अपात्र आणि निवृत्त होऊन कंत्राटावर, स्वस्तात मिळू लागले की पात्र, असा याचा अर्थ मी घ्यावा काय?

पात्रतेचे हे माप दर दोन-चार वर्षांनी बदलते. बी.एड. एक वर्षाचे होते, 2015 पासून दोन वर्षांचे झाले. 2018 मध्ये बी.एड.धारकांना सहा महिन्यांच्या सेतू अभ्यासक्रमाच्या अटीवर पहिली ते पाचवीला शिकवता येईल असे सांगितले गेले, 2023 मध्ये न्यायालयाने ते रद्द केले. आता 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान अर्हता करायची आहे. ज्यांनी गल्लोगल्ली डी.एड. विद्यालयांना मान्यता दिली आणि मग मे 2012 मध्ये भरतीच बंद करून त्या पोरांना वाऱ्यावर सोडले, त्यांची पात्रता मात्र कधी कोणी तपासली नाही. नियम बदलणारा बदली होऊन जातो, त्या नियमाची किंमत शाळेतला माणूस मोजतो. माझा भाचा टीईटी उत्तीर्ण आहे, भरतीसाठीची अभियोग्यता चाचणीही त्याने दिली आहे आणि शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलकडे डोळे लावून तो एका दुकानात बिले फाडतो. टीईटी नाही म्हणून मी अडले आहे, टीईटी असूनही तो अडला आहे. या घरात आपल्या धोरणाचे यश नेमके कोणात शोधायचे?

माझ्या मागण्या फार नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 मध्ये पुन्हा दुरुस्ती करावी, असा केंद्राकडे आग्रह धरावा. तोवर सेवेतील शिक्षकांसाठी त्यांच्या विषयावर आणि प्रत्यक्ष अध्यापनावर आधारित स्वतंत्र विभागीय परीक्षा घ्यावी. पर्यवेक्षक वर्गात येऊन बसले तरी माझी हरकत नाही. 2027 पूर्वी टीईटी वर्षातून दोनदा व्हावी आणि ती देणाऱ्या शिक्षकांना निदान परीक्षेच्या त्या दोन महिन्यांत ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामांतून मोकळे करावे.

आणि परिच्छेद 4 खरा होता की खोटा, याचे एका वाक्यात उत्तर द्यावे. ते लेखी असावे, सही आणि शिक्क्यानिशी असावे, म्हणजे पुढच्या मंत्र्यांना दाखवता येईल.

कळावे,
आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
(नियुक्ती 2003, टीईटी अनुत्तीर्ण)