पाणवठ्यावरचा आकडा म्हणजे वाघांची संख्या नव्हे

महोदय,

बुद्धपौर्णिमा झाली की दोन-तीन दिवसांत विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक जंगलात प्राणिगणना पार पडली, इतके वाघ, इतकी अस्वलं, इतके रानकुत्रे आढळले. शेजारी गेल्या वर्षीचा आकडा आणि 'वाघ घटले' किंवा 'वाघ वाढले' असा मथळा. वन विभाग स्वतः या उपक्रमाला 'निसर्गानुभव' म्हणतो. पाणवठ्याजवळच्या मचाणावर पौर्णिमेची रात्र काढून जंगल पाहणं मोलाचंच आहे, पण त्या नोंदींवरून वाघांची संख्या काढता येत नाही.

एकच वाघ एका रात्रीत दोन-तीन पाणवठ्यांवर जाऊ शकतो आणि प्रत्येक मचाणावर त्याची वेगळी नोंद होते. दुसरा एखादा वाघ मचाण नसलेल्या डोहावर पाणी पिऊन जातो आणि कागदावर येतच नाही. चितळाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, नीलगाय त्यामानाने पाण्यावाचून तग धरते, म्हणून दोघांच्या आकड्यांची तुलनाही चुकीची ठरते. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला तर नाल्यांत जागोजागी डबकी साचतात आणि मचाणासमोर शुकशुकाट असतो. अशा वर्षीचा 'घटले' हा मथळा खरं तर पावसाची बातमी देत असतो.

वाघांचा अंदाज काढण्याची पद्धत वेगळी आहे. पंजाच्या ठशांवरून वाघ ओळखण्याची जुनी रीत राजस्थानातल्या सारिस्का अभयारण्यातले वाघ संपल्याचं उघड झाल्यावर मागे पडली. एकाच वाघाचा ठसा फुफाट्यात वेगळा उमटतो, चिखलात वेगळा. 2006पासून दर चार वर्षांनी देशभर नव्या पद्धतीने काम होतं. आधी वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रात, म्हणजे बीटमध्ये, ठरलेल्या वाटा चालून ठसे, विष्ठा, ओरखडे नोंदवतात. मग सरळ आखलेल्या किमान दोन किलोमीटरच्या रेषेवर सकाळी चालून तृणभक्षी प्राणी मोजतात. कळप दिसला की किती जनावरं, किती अंतरावर, होकायंत्रावर कोणत्या दिशेला, हे लिहायचं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे चितळ पळून जिथे थांबलं तिथपर्यंतचं अंतर मोजणं. मोजायचं असतं ते पहिल्यांदा दिसलं त्या जागेपर्यंतचं. ही चूक वारंवार झाली की घनता, म्हणजे दर चौरस किलोमीटरला किती जनावरं हा आकडा, खऱ्याहून कमी निघते. रेषेऐवजी सोयीच्या गाडीरस्त्याने चाललं तरी हिशेब बिघडतो, कारण जनावरं रस्त्याच्या कडेला जंगलातल्यासारखी विखुरलेली नसतात.

त्यानंतर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. जंगलाचे दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकात, वाघाची ये-जा असलेल्या वाटेवर, कॅमेऱ्यांची एक जोडी लावतात. पट्टे दोन्ही कुशींवर वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. दोन्ही अगदी समोरासमोर लावले तर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो, म्हणून थोडे तिरके. समोरचं गवत कापलं नाही तर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांच्या फोटोंनीच कार्ड भरतं. सेन्सर शरीर आणि परिसर यांच्या तापमानातला फरक ओळखतो. मे महिन्यातल्या भर दुपारी तो फरकच उरत नाही आणि समोरून गेलेला प्राणी निसटतो. सगळ्यात महाग पडते ती घड्याळाची चूक. जोडीतल्या दोन कॅमेऱ्यांच्या वेळा जुळत नसतील तर डावी कूस आणि उजवी कूस एकाच वाघाची आहे हे ठरवणं अवघड होतं आणि कष्टाने मिळवलेले फोटो बाजूला ठेवावे लागतात.

हे कॅमेरे किमान पंचवीस दिवस चालवतात, त्यामागेही कारण आहे. पुढच्या दिवसांत तेच ओळखीचे वाघ पुन्हा पुन्हा दिसले तर न दिसलेले थोडे असणार. नवे पट्टे येतच राहिले तर बरेच असणार. फोटोत न आलेल्यांचा अंदाज या हिशेबातून निघतो. तो अंदाज असल्यामुळे त्याला खालची आणि वरची मर्यादा असते. 2018चा देशाचा आकडा 2,967 म्हणून सर्वत्र छापला गेला; अहवालात तो 2,603 ते 3,346 असा आहे. एक वर्षाखालचे बछडे त्यात धरलेले नाहीत, हेही बातमीत क्वचितच येतं.

आपल्या वार्ताहरांना विनंती, की बुद्धपौर्णिमेच्या बातमीत 'गणना' हा शब्द टाळावा, मचाणं यंदा किती होती, गेल्या वर्षी किती होती आणि त्या आठवड्यात पाऊस झाला का, एवढं विचारून छापावं. देशाचा पुढचा अंदाज जाहीर होईल तेव्हा मथळ्यात एक आकडा असला तरी मजकुरात दोन्ही मर्यादा द्याव्यात, आणि चार महिने त्या वाटा तुडवणाऱ्या वनरक्षक-वनमजुरांच्या कामासाठी चार ओळी राखाव्यात.

– एक वन्यजीव अभ्यासक, चंद्रपूर