ट्रंकेतला मोर

सोलापूर,
२० नोव्हेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "अगं, हे चित्रं विकायचं किती दिवस चालायचं?" मी "बघू" म्हणून विषय बदलला. तसं करायला नको होतं. दादाकडे हॉलमध्ये सगळे बसलेले असतात, टीव्ही चालू असतो, तेवढ्यात हे बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचाल, हे मला माहीत आहे.

आधी लपवलेली गोष्ट सांगते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी सिद्धेश्वर मंदिराचं चित्र केलं होतं. तिन्हीसांजेची वेळ, तळ्यात दिव्यांची प्रतिबिंबं. मोबाईलवर ते तळं असं निळंहिरवं चमकायचं की बघणारा थांबायचा. मी साठ प्रती एकदम छापून घेतल्या. गठ्ठा सोडला तर तळं राखाडी, धुण्याच्या पाण्यासारखं. छापणाऱ्याची चूक नव्हती. पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, लाल, हिरवा आणि निळा उजेड मिसळून झालेला. कागदावरचा रंग शाईचा. पडद्यावर दिसणारे काही झगझगीत निळे-हिरवे छपाईच्या चार शायांत उतरतच नाहीत. हे मी आधी शिकून घ्यायला हवं होतं. साठच्या साठ प्रती वाया गेल्या, साडेआठ हजार रुपये गेले. त्या रात्री आई, तू फोनवर विचारलंस, "जेवलीस का?" आणि मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

तेव्हापासून एकही चित्र नमुना काढल्याशिवाय छापायला देत नाही. नमुना हातात आला की गच्चीवर उन्हात बघते, रात्री ट्यूबलाइटखाली बघते, मग दोन दिवस मधल्या खोलीच्या भिंतीला चिकटवून ठेवते. जाता-येता काही खटकलं तर पुन्हा फाईल उघडायची. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आणि मॅट. चकचकीत कागद हातात छान वाटतो, पण भिंतीवर लावला की समोरच्या खिडकीचा उजेड त्यावर पडतो आणि चित्र दिसतच नाही.

पाठवणीचंही आता बसलंय. सुरुवातीला मी चित्रं पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट घालून पाठवायचे. एकदा एक पाकीट मधोमध दुमडून पोचलं, गिऱ्हाइकाने फोटो पाठवला, पैसे परत केले. शिवाय कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा, त्याला ५००० ने भागायचं, की त्यांच्या हिशोबाचं किलो निघतं. माझं सपाट पाकीट ४६ बाय ३४ बाय ३, म्हणजे जवळपास ९४० ग्रॅमचं धरलं जायचं, आत कागद मात्र तीनेक तोळ्यांचा. नळी ४५ बाय ७ बाय ७ ची, ती ४४० ग्रॅमच्या आसपास बसते, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. आता पुठ्ठ्याच्या नळ्या घेते. चित्रावर बटर पेपर ठेवायचा, छापलेली बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायचं, घट्ट केलं की कागदाला सुरकुती पडते. दोन्ही तोंडांना झाकण, वरून टेप. आई, तू शेंगाचटणीची पाकिटं बांधायचीस तेव्हा शेवटी प्रत्येक पाकीट दाबून बघायचीस, तशी मी नळी हलवून बघते. आतून खडखड आली तर पुन्हा उघडते.

आता पैशाचं, कारण बाबा तोच भाग शोधत असतील. ए-थ्री चित्र ५९९ ला विकते. छपाई, कागद, नळी, कुरिअर, पैसे घेणाऱ्या कंपनीचं कमिशन सगळं वजा जाता अडीचशे ते पावणेतीनशे हातात राहतात. ऑक्टोबरमध्ये ११४ गेली. मे महिन्यात फक्त १९. दर महिन्याला ठरलेली रक्कम येत नाही, हे खरं आहे, आणि त्याचीच तुम्हाला काळजी वाटते, तीही खरी आहे. म्हणून दिवाळीतले पैसे वेगळ्या खात्यात ठेवलेत, उन्हाळ्यासाठी. परराज्यात माल जातो म्हणून जीएसटी नोंदणी केली आहे, विवरणपत्रं वेळेवर भरते. कुणाचं देणं नाही.

सगळ्यात जास्त काय जातं सांगू? गड्ड्याचे, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेतले, नंदीध्वज. सात काठ्या, खाली पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, चेहरे मी काढलेच नाहीत, फक्त वर झालेल्या माना. बंगळुरूच्या एका बाईंनी तीन मागवली, एक स्वतःला, दोन भावांना. त्यांचं माहेर बाळीवेशीतलं. त्यांनी लिहिलं की गड्ड्याला येणं होत नाही आता, निदान भिंतीवर असू दे. मी तो निरोप आजीच्या फोटोशेजारी उतरवून ठेवलाय. माळढोक पक्षीही केलाय, आपल्या नान्नजचा. तो कमी जातो, पण मी तो काढून टाकणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मागच्या आठवड्यात माळ्यावरची हिरवी ट्रंक खाली काढली, कागद ठेवायला जागा हवी होती म्हणून. तळाशी बाबांचे ग्राफ निघाले, मागावर विणायच्या नक्षीचे. तीस-पस्तीस असतील, सुतळीने बांधलेले. कडा पिवळ्या झाल्यात, एकावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ आहे. सगळ्यात वरचा मोर. लाल पेन्सिलीने चौकोन भरलेले, एकेक, काडीएवढे. पिसाऱ्याची कड जिथे वळते तिथे तुम्ही दोन चौकोन खोडून पुन्हा भरलेत, कागद तिथे घासून पातळ झालाय, उजेडासमोर धरला की कळतं. मी अर्धा तास जमिनीवर बसून होते.

लहानपणी तुम्ही सांगितलं होतं, भरलेला चौकोन म्हणजे पत्त्यात, त्या पुठ्ठ्याच्या कार्डात, भोक, भोक म्हणजे जकार्डचा, मागावरच्या नक्षीच्या यंत्राचा, हूक वर, हूक वर म्हणजे उभा धागा वर. रिकामा चौकोन म्हणजे धागा खाली. तेव्हा मान डोलवली होती, कळलं काहीच नव्हतं. आता मी दिवसभर पडद्यावर चौकोनच भरते. ए-थ्रीचं चित्र आडवे ३५०८ आणि उभे ४९६१ ठिपके, आणि तिरपी रेघ मोठी करून बघितली की पायऱ्या दिसतात, तुमच्या मोराच्या मानेवर आहेत अगदी तशाच. त्या पायऱ्या लांबून गोलाई वाटाव्यात म्हणून तुम्ही एक चौकोन सोडून एक भरलाय. हे मला कुठल्या क्लासात कुणी शिकवलं नाही, मी दोन वर्षं धडपडून शोधलं. घरातच ट्रंकेत होतं.

बाबा, मला तो मोर छापायचा आहे. पण छापलेला नाही, स्कॅनसुद्धा फक्त जपून ठेवण्यापुरता केलाय. नोकरीत असताना केलेलं चित्र, वेगळा करार नसेल तर, कायद्याने मालकाचं होतं. कारखाना बंद पडला म्हणून ते आपलं होत नाही. तुम्ही कारखान्यासाठी केलेले ग्राफ कुठले आणि रात्री घरी स्वतःसाठी केलेले कुठले, हे तुम्हालाच सांगता येईल. मला आठवतंय, जेवणं झाली की तुम्ही पाटावर कागद ठेवून बसायचात आणि आई दिवा पुढे सरकवायची. त्यातले जे असतील तेवढेच घेईन. चित्राखाली तुमचं नाव येईल, विक्रीतला वाटाही तुमचा, नाही म्हणायचं नाही.

आणि फोनवर फोटो बघून हे ठरवू नका, कागद हातात घ्या. दादाला सांगून या दोघंही, गड्ड्यापर्यंत राहा. अक्षता सोहळा बघून कितीक वर्षं झाली तुम्हाला. हुतात्मा एक्सप्रेसने निघालात तर मी स्टेशनवर असेन. आई, मधल्या खोलीतला पलंग खिडकीशी घेतलाय, तिथे ऊन येतं सकाळचं, तुझ्या गुडघ्यांना बरं पडेल. बाबा, नवी लाल पेन्सिल आणलीय, आणि ग्राफचा कागदही मिळाला, पण त्याचे चौकोन तुमच्या कागदापेक्षा थोडे मोठे आहेत. चालतील का ते कळवा, नाहीतर बदलून आणते.

तुमची धाकटी