ड्रॅक्युला उन्हाने मरत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रॉबर्ट एगर्सच्या 'नोस्फेराटू' या चित्रपटाच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत ड्रॅक्युलावरच्या चित्रपटांची तुलना करणारा लेख वाचला. एका जुन्या इंग्रजी कादंबरीला मराठी वृत्तपत्राने अर्धे पान द्यावे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण लेखातली दोन विधाने दुरुस्त व्हायला हवीत. एगर्सच्या चित्रपटात सकाळच्या उन्हात काउंटचा, म्हणजे त्या रक्तपिपासू पिशाच्च उमरावाचा, अंत होतो ते 'मूळ कादंबरीबरहुकूम' आहे, असे एक. आणि त्याची जाड मिशी ही दिग्दर्शकाची लहर आहे, असे दुसरे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

ब्रॅम स्टोकरची कादंबरी १८९७ सालची. तिच्या दुसऱ्याच प्रकरणात किल्ल्याचे दार उघडणारा म्हातारा काउंट लांब पांढऱ्या मिशीचा आहे. पडद्यावर ही मिशी फार कमी वेळा दिसली. १९७० साली हेसूस फ्रँकोच्या चित्रपटात ख्रिस्तोफर लीने ती लावली होती. उन्हाचे म्हणाल, तर २२ सप्टेंबरच्या नोंदीत त्याच्या किल्ल्यात राहून आलेल्या जोनाथन हार्कर या तरुण वकिलाला हाच काउंट लंडनच्या पिकॅडिलीत भर दिवसा रस्त्यावर उभा दिसतो. दिवसा त्याची रूप बदलण्याची शक्ती जाते, एवढेच. ६ नोव्हेंबरला तो मरतो तेव्हाही सूर्य त्याला मारत नाही. उलट सूर्य मावळला की त्याचे बळ परत येणार, म्हणून मावळायच्या आत घाई करावी लागते. गळ्यावर हार्करची कुकरी चालते आणि काळजात त्याचा साथीदार क्विन्सी मॉरिस याचा बोवी सुरा घुसतो. लाकडी खुंटा काउंटच्या चाव्याने पिशाच्च झालेल्या लुसीसाठी वापरला जातो, काउंटसाठी नाही.

उन्हाने मरणे ही दिग्दर्शक मुर्नाऊच्या १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटाची देणगी. निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क घेतले नव्हते. नावे बदलली, कथा १८३८ सालच्या विस्बोर्ग या कल्पित गावात नेली, तरी स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती वाचल्या, आणि पुढच्या शंभर वर्षांत या चित्रपटाचा शेवट लोकांना कादंबरीचा शेवट वाटू लागला. एगर्सने तोच शेवट घेतला आहे, कारण त्याचा चित्रपट मुर्नाऊच्या चित्रपटावर बेतलेला आहे. त्याला मूळ कादंबरीच्या फूटपट्टीने मोजणेच चुकीचे.

हा मूकपट पाहू इच्छिणाऱ्यांनी आधी प्रत तपासावी. रात्रीचे प्रसंग तेव्हा दिवसाउजेडी चित्रित करत आणि फितीला निळा रंग देत. इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक प्रती निव्वळ काळ्यापांढऱ्या आहेत. त्यांत काउंट आपली शवपेटी काखेत घेऊन लख्ख उन्हात गावभर हिंडतो आणि शेवटी उन्हानेच मरतो! दोष दिग्दर्शकाचा नव्हे, प्रतीचा. लांबीही पाहावी. नीट जतन केलेली आवृत्ती सुमारे ९४ मिनिटांची आहे. तासाभरात संपणारी प्रत बहुधा आजच्या वेगाने पळवलेली असते, आणि मग भीतीच्या जागी हसू येते.

पण या चुकांपेक्षा तुलनेची रीत जास्त खटकली. कोणाचे सुळे, कोणाचा झगा, कोणाचा किल्ला यांवर चित्रपटांना गुण दिले आहेत. 'ड्रॅक्युला' ही कागदपत्रांची कादंबरी आहे. रोजनिशा, पत्रे, तारा, जहाजाची नोंदवही, वर्तमानपत्राचे कात्रण आणि डॉ. सेवर्डच्या फोनोग्राफच्या (आवाज मुद्रित करणाऱ्या यंत्राच्या) मेणाच्या नळकांड्या. प्रत्येकाला थोडे थोडे ठाऊक आहे, पूर्ण कोणालाच नाही. मीना हार्कर ही जोनाथनची बायको, लघुलेखन आणि टंकलेखन शिकलेली बाई. सप्टेंबरअखेर तीच हे सारे ऐकून, वाचून, तारीखवार लावून टंकयंत्रावर उतरवते आणि एका वेळी तीन प्रती काढते. तिथून पुढेच काउंटचा माग काढणे सुरू होऊ शकते. काउंटलाही हे कळते. ३ ऑक्टोबरच्या पहाटे तो हस्तलिखित आणि नळकांड्या जाळून टाकतो. वाचते ती तिजोरीत ठेवलेली दुसरी प्रत.

या कागदांतूनच पेट्यांचा हिशेब लागतो. काउंटने विसावण्यासाठी मायदेशच्या मातीच्या ५० पेट्या इंग्लंडला आणलेल्या. कारफॅक्स या त्याने विकत घेतलेल्या घरात सापडतात २९. हमालांना आणि गाडीवानांना गाठून हार्कर बाकीच्या लंडनभर शोधतो: ६ माइल एंडला, ६ बर्मंडसीत, ९ पिकॅडिलीत. प्रत्येक पेटीत प्रभुभोजनातली पवित्र भाकर ठेवून ती निकामी करायची. पिकॅडिलीत ९ च्या जागी ८ च निघतात, आणि त्या एका पेटीमागे सगळ्यांना काळ्या समुद्रापर्यंत जावे लागते. पुरुष मंडळी 'बाईमाणसाला झेपणार नाही' म्हणून मीनाला बैठकीतून वगळतात, आणि त्याच दिवसांत काउंट तिच्यापर्यंत पोहोचतो. कादंबरीचा उत्तरार्ध या चुकीवर उभा आहे.

आता कागदपत्रे आणि मीना यांतले किती उरते, हीच कसोटी चित्रपटांना लावून पाहा. टॉड ब्राउनिंगचा १९३१ चा चित्रपट रंगभूमीवरच्या नाटकावरून आला, म्हणून किल्ल्यातली पहिली वीस मिनिटे सरली की तो दिवाणखान्यात बसतो तो बसतोच. मीना तिथे सेवर्डची मुलगी होते, टंकयंत्र नाहीसे होते. काउंट झालेल्या बेला लुगोसीची नजर आणि शब्द सावकाश टाकण्याची ढब यांवर तो तरतो. त्याच नेपथ्यावर रात्रपाळीत चित्रित झालेली स्पॅनिश आवृत्ती जवळपास अर्ध्या तासाने मोठी आहे आणि तिचा कॅमेरा अधिक मोकळेपणाने फिरतो. दोन्ही लागोपाठ पाहाव्यात. एकाच जिन्यावर कॅमेरा कुठे ठेवला याने प्रसंग किती बदलतो, ते कळते.

हॅमर या ब्रिटिश चित्रसंस्थेच्या १९५८ च्या चित्रपटात समुद्रप्रवास नाही, लंडन नाही, वटवाघूळही नाही. खर्च वाचवताना पटकथाकार जिमी सँगस्टरने कथा ८२ मिनिटांत कोंबली. तरी हार्करची रोजनिशी आणि पिशाच्चांचा अभ्यासक डॉ. व्हॅन हेल्सिंग याचा फोनोग्राफ त्याने राखले, आणि त्यामुळे ती भूमिका करणारा पीटर कुशिंग खराच शोध घेणारा माणूस वाटतो. पाहायची ती २०१२ ची जतन आवृत्ती. ब्रिटिश सेन्सॉरने कापलेले शेवटचे काही तुकडे टोकियोतल्या प्रतीत सापडले, ते तीत आहेत.

१९९२ च्या कपोलाच्या चित्रपटाला लेखात 'सर्वांत प्रामाणिक' म्हटले आहे. पात्रे जवळजवळ सगळी आहेत, कुकरी आहे, टंकयंत्र आणि नळकांड्याही आहेत. एकाच फितीवर दोनदा चित्रण, उलटे चालवलेले चित्रण अशा जुन्या युक्त्या त्यात फार सुंदर वापरल्या आहेत. पण पूर्वजन्मीचे प्रेम कादंबरीत कुठेही नाही. ते आल्यावर मीना काउंटच्या प्रेमात पडते, आणि ज्या बाईने कागद जुळवून त्याला पकडले ती उरतच नाही. इतकी सामग्री जागेवर ठेवून गाभाच उलटा करणारे रूपांतर प्रामाणिक कसे म्हणायचे? त्यापेक्षा बीबीसीची १९७७ ची, लुई जूर्दाँ काउंट झालेली आवृत्ती मूळच्या जवळ आहे. तिच्यात मीना आणि लुसी बहिणी केल्या आहेत, दोन पुरुषपात्रांचे एक केले आहे. पण कादंबरीत येणाऱ्या व्हिटबी या इंग्लिश किनारगावातली खरी दफनभूमी, भिंतीवरून डोके खाली करून उतरणारा काउंट आणि घटनांचा क्रम बराचसा शाबूत आहे. आपल्या लेखात तिचा उल्लेखही नाही.

सूर्यप्रकाश आणि मिशी यांबद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. शाळा-महाविद्यालयांतली मुले अशा लेखांची कात्रणे ठेवतात.

आपला,
एक वाचक, पुणे