उतार आहे, पण चढता येतो का?

संपादक महोदय,
विद्यापीठांत प्रवेश सुरू झाले की ‘आमच्याकडे रॅम्प आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. तो मोजतो कोण? नियम एकास बाराचा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उतार ५.४ मीटर लांब हवा. तो दोन मीटरांत उरकला की चाकाची खुर्ची मागे कलंडते, आणि पायथ्याशी दुचाकी लावल्या की तोही बंद.

२०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही त्यांत येतात. या मुलांना रॅम्पचा काय उपयोग? त्यांना परीक्षेचा हॉल आदल्या दिवशी दाखवावा, बसायची जागा ऐनवेळी बदलू नये, पंखा खडखडत नसलेली छोटी खोली द्यावी. याला खर्च जवळपास शून्य.

लेखनिकाचा, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणाऱ्याचा, प्रश्न आपल्या सीमाभागात जास्त अवघड. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण खानापूर-निपाणीकडचा विद्यार्थी मराठीचा पेपर सांगतो आणि लेखनिक फक्त कन्नडात शिकलेला असतो. मग ‘ळ’ की ‘ल’, ऱ्हस्व की दीर्घ, हे सांगण्यातच तो जादा तास संपतो. अर्जावर लेखनिकाच्या भाषेचा एक रकाना वाढवा आणि परीक्षेआधी दोघांची भेट घालून द्या. सूचना कन्नडबरोबर मराठीतही लावा, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर अंध विद्यार्थ्याला मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येईल अशा युनिकोडमध्ये. स्कॅन केलेला कागद त्याला नुसते चित्र वाटतो.

— अपंग विद्यार्थ्यांसोबत काम करणारे काही शिक्षक, बेळगाव